पडद्यावर उत्तरं आली, पुढे काय?

आदरणीय मॅडम,

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. वर्गात ११० मुलं. यंदा विभागाने सगळ्यांना सांगितलं की तास ‘इंटरॅक्टिव्ह’ झाले पाहिजेत, म्हणून मी मोबाइलवरची क्विझ सुरू केली. दर तासाला दहा प्रश्न, प्रत्येकी वीस सेकंद, पडद्यावर पहिल्या पाच जणांची नावं. बरोबर उत्तर दाखवते आणि पुढच्या प्रश्नाला जाते. मुलं खूश, हजेरीही वाढली. पण सहामाहीत तेच मुद्दे जरा फिरवून विचारले तर निम्मा वर्ग आडवा झाला. मग क्विझ कमी करून गटचर्चा सुरू केली, तर अभिप्रायात तक्रार आली: ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात.’ काहींचे फोन जुने आहेत, नेट मधेच जातं, काही जण क्विझच्या नावाखाली भलतंच बघत बसतात. पोर्शन मागे पडलाय. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, हे सगळे खेळ आहेत, खडू-फळ्याला पर्याय नाही. हे बंद करू की चालू ठेवू? आणि ठेवायचं तर सगळ्यात चांगलं अ‍ॅप कोणतं?

— क्विझमास्तरीण झालेली एक सहायक प्राध्यापिका

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅपचं शेवटी बघू. तुमच्या प्रश्नांतला तो सगळ्यात सोपा आहे. आधी पत्राला जोडलेले क्विझचे नमुने घेते. ‘मध्यक काढण्याआधी माहितीचे काय करावे लागते?’ ‘खालीलपैकी केंद्रीय प्रवृत्तीचे परिमाण कोणते नाही?’ ‘प्रमाण विचलनाच्या वर्गाला काय म्हणतात?’ यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. पण वीस सेकंदांत अशा प्रश्नाचं दोनच प्रकारे काही होऊ शकतं: आठवत असेल तर उत्तर द्यायचं, नसेल तर ठोकून द्यायचं. त्यात लवकर दाबणाऱ्याला जास्त गुण, म्हणजे थांबून विचार करणारा उलट मागे पडतो. पहिल्या पाचांत दर तासाला जवळपास तीच नावं येत असणार. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे.

आठवण्याचा सराव फुकट जातो असं मात्र समजू नका. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींनी एक उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा क्विझ मोडीत काढू नका, तिला आवरा. तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न, तेही गेल्या आठवड्याच्या किंवा गेल्या महिन्याच्या भागावरचे. घड्याळ बंद, नावं बंद, पाच मिनिटांत काम संपलं पाहिजे.

सहामाहीत घोटाळा झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. प्रश्न फिरवून विचारलात म्हणजे कल्पना कळली आहे का ते विचारलंत, आणि त्याचा सराव वर्गात झालाच नव्हता. तो का झाला नाही हे तुमच्याच पत्रात आहे: ‘बरोबर उत्तर दाखवते आणि पुढच्या प्रश्नाला जाते.’ ४० टक्के मुलांनी ‘ब’ निवडलंय, पडद्यावर त्याचा स्तंभ उभा आहे, आणि आपण निघालो पुढे. ताप मोजला, आकडा मोठ्याने वाचून दाखवला आणि पेशंटला घरी पाठवलं, असं झालं हे. तो स्तंभ दिसल्यावर तुम्ही काय करता, यावर वर्गातल्या या सगळ्या यंत्रसामग्रीचं मोल ठरतं. माझं पुढचं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझुर यांची गोष्ट तुमच्या गोष्टीपासून फार लांबची नाही. त्यांची व्याख्यानं मुलांना आवडायची, अभिप्राय चांगले यायचे, अवघड गणितंही मुलं सोडवायची. मग त्यांनी बलाच्या मूळ कल्पनांवरची, रोजच्या भाषेतली एक चाचणी वर्गाला दिली. तेव्हा वर्गातून विचारणा झाली की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की एरवी आम्हाला वाटतं तशी? सूत्रं बिनचूक वापरणाऱ्या मुलांच्या डोक्यातल्या मूळ समजुती जागच्या हललेल्याच नव्हत्या. १९९१पासून मॅझुर यांनी तासाची घडी बदलली. थोडं सांगायचं, मग एक प्रश्न. प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. सुरुवातीला उत्तरांची मोजणी नुसते हात वर करून व्हायची. यंत्रं मागाहून आली. विभागाच्या पुढच्या बैठकीत हे जरूर सांगा.

आता तुमच्याच विषयातला एक प्रश्न घेऊ. डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वेर्स्की यांनी तो १९७०च्या दशकात विद्यार्थ्यांना विचारला होता. एका गावात दोन रुग्णालयं आहेत. मोठ्यात रोज सुमारे ४५ बाळं जन्मतात, लहानात सुमारे १५. एकूण बाळांत साधारण निम्मे मुलगे असतात, पण रोजचं प्रमाण थोडं वरखाली होतं. ज्या दिवशी ६० टक्क्यांहून जास्त मुलगे जन्मले, असे दिवस दोन्ही रुग्णालयांनी वर्षभर नोंदवले. असे दिवस कुठे जास्त असतील? अ) मोठ्या रुग्णालयात, ब) लहान रुग्णालयात, क) दोन्हीकडे जवळपास सारखेच. पदवीच्या ९५ विद्यार्थ्यांपैकी ५३ जणांनी ‘क’ म्हटलं. ‘अ’ आणि ‘ब’ला प्रत्येकी २१ मतं. बरोबर उत्तर आहे ‘ब’.

या प्रश्नात सूत्र लागत नाही, आकडेमोड लागत नाही. चुकीचे पर्याय जागा भरायला टाकलेले नाहीत, त्या प्रत्येकामागे एक खरी समजूत आहे. ‘क’वाला म्हणतो, टक्केवारी ती टक्केवारी, रुग्णालय लहान-मोठं असल्याने काय फरक पडतो? ‘अ’वाला म्हणतो, जन्म जास्त तर असे दिवसही जास्त. गैरसमज दोन, त्यांना पर्यायही दोन, त्यामुळे मतं पाहताक्षणी वर्ग कुठे अडलाय ते तुम्हाला कळतं. असा एक प्रश्न तयार करायला अख्खी संध्याकाळ जाते. दहा व्याख्यांचे प्रश्न अर्ध्या तासात होतात, त्यामुळे मोह कशाचा होतो ते मला चांगलं कळतं.

वर्गात तो असा चालवा. प्रश्न पडद्यावर टाका, एकदा मोठ्याने वाचा आणि गप्प राहा. हे गप्प राहणं वाटतं तेवढं सोपं नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबत होती आणि त्यांत विचार दिसत होता. ते शाळेतले वर्ग होते. पदवीच्या वर्गात अशा प्रश्नाला दीड-दोन मिनिटं द्यायला हरकत नाही. या वेळात कोणी कोणाशी बोलायचं नाही. मग मतं घ्या. इथे एक पथ्य आहे: पहिल्या फेरीचा आलेख तुम्ही बघा, वर्गाला दाखवू नका. उंच स्तंभ दिसला की मुलं त्याच्या मागे जातात, आणि कानेमन-ट्वेर्स्कींच्या विद्यार्थ्यांत सगळ्यात उंच स्तंभ चुकीच्या उत्तराचाच होता.

मग निर्णय घ्यायचा. मॅझुर आणि कॅथरीन क्राउच यांनी दहा वर्षांच्या अनुभवावरून २००१ साली मांडलेला अंदाज असा: पहिल्या फेरीत ३५ ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेचा फायदा सगळ्यात जास्त होतो. त्याहून जास्त असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे सरकायचं. कमी असतील तर चर्चेत पटवणारेच पुरेसे नसतात. आधी तुम्ही थोडं सांगायचं. वरच्या ९५ जणांत बरोबर उत्तरं होती २२ टक्के. तुमच्याकडेही तसंच झालं तर उत्तर फोडू नका, एक इशारा द्या: ‘रोज दोनच बाळं जन्मणारं रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. दोन्ही मुलगे, असे दिवस किती?’ चौथा हिस्सा, हे त्यांना येतं. वर्गात थोडी चुळबुळ सुरू होईल. ती झाली की चर्चेला सोडा.

चर्चेची सूचना ‘आपसांत बोला’ अशी देऊ नका, त्याने गप्पा होतात. ‘तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर दिलेला माणूस शोधा आणि त्याला पटवा’ अशी द्या. तीन मिनिटं. तुम्ही रांगांमधून फिरा आणि ऐका. मुलं ज्या शब्दांत एकमेकांना पटवतात ते शब्द कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतात, आणि दुसऱ्या फेरीनंतर समजावताना तेच सगळ्यात उपयोगी पडतात. दुसऱ्या फेरीची मतं आली की दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवा.

आणि आता यंत्राला खरं काम द्या. स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक आकडे काढून १५ नाणी आणि ४५ नाणी उडवणं हे दोन ओळींचं काम आहे. प्रत्येकाने, किंवा फोन नसेल तर दोघा-तिघांनी मिळून, दोन्ही रुग्णालयांचे शंभर-शंभर ‘दिवस’ तयार करायचे आणि ६० टक्क्यांच्या वर गेलेले दिवस मोजून तो आकडा एका सामायिक शीटमध्ये टाकायचा. नेट गेलं तर तुमच्या एकट्या लॅपटॉपवरही होतं. लहान रुग्णालयात साधारण १५ टक्के दिवस रेषेच्या वर गेलेले दिसतील, मोठ्यात साधारण ७ टक्के. वर्षाच्या हिशेबात सुमारे ५५ दिवस आणि सुमारे २५ दिवस. नमुना मोठा झाला की आलेख कसा आखडतो, हे मुलांना स्वतः पाडलेल्या आकड्यांतून दिसतं. सूत्राची सिद्धता फळ्यावर उत्तम होते, मी स्वतः फळ्यावरच केली असती. पण हजारो दिवस दोन मिनिटांत फळ्यावर उभे करता येत नाहीत. पडदा, फोन आणि इंटरनेट यांचा खर्च मला इथे वसूल झालेला वाटतो.

सगळं मिळून वीस मिनिटं जातील, आणि दहाच्या जागी एकच प्रश्न होईल.

तुम्हाला शंका येईल की दुसऱ्या फेरीत मुलं हुशार शेजाऱ्याचं उत्तर नुसतं उचलतात. रास्त शंका आहे. मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात तपासली. २००९ साली ‘सायन्स’मध्ये ते काम छापून आलं. चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा, पण वेगळ्या वेषातला प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला गेला. सुधारणा तिथेही टिकली. ज्या गटांत सुरुवातीला बहुधा कोणालाच उत्तर येत नव्हतं, त्यांच्यातही ती दिसली. म्हणजे वाद घालता घालता मुलं काहीतरी खरंच उभं करत होती. तुम्हीही महत्त्वाच्या कल्पनेनंतर असा जुळा प्रश्न ठेवत जा. सहामाहीत तुम्ही विचारलेत ते सगळे जुळे प्रश्नच होते, फक्त मुलांची त्यांच्याशी पहिली गाठ परीक्षेत पडली.

‘मॅडम शिकवत नाहीत’ या तक्रारीकडे दोन बाजूंनी बघायला हवं. एक बाजू तुम्हाला दिलासा देणारी आहे. लुई डेलॉरिये आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांत एक तुलना केली. तोच भाग एका गटाला सफाईदार व्याख्यानातून दिला, दुसऱ्याला स्वतः सोडवायला लावून. चाचणीत सोडवणारे पुढे होते. पण ‘आपण किती शिकलो’ असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी जास्त शिकल्याचं सांगितलं. ओघवतं ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं. स्वतः धडपडताना डोकं दुखतं, आणि त्या दुखण्याचा अर्थ मुलं ‘जमत नाहीये’ असा लावतात. संशोधकांनी यावर सुचवलेला उपाय अगदी साधा आहे: हे मुलांना सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाका. तुमचं सत्र सुरू झालंय, मग पुढच्या तासाला सांगा. त्यांच्याच दोन फेऱ्यांचे तीन-चार आलेख समोर ठेवून बोललात तर जास्त पटेल.

दुसरी बाजू जरा टोचेल. त्या तक्रारीत तथ्य असू शकतं. चर्चा झाली, घंटा वाजली, आणि नेमकं बरोबर काय होतं ते न कळताच मुलं घरी गेली, असं तुमच्याकडे होतंय का? गटचर्चेच्या बऱ्याच तासांचं असं होतं. दुसऱ्या फेरीनंतर चार-पाच मिनिटं ठणठणीत शिकवा. ‘ब’ का, ‘क’ मोहात का पाडतो आणि कुठे फसतो, सूत्रात हे कुठे दिसतं. त्या क्षणी वर्ग ऐकायला जितका उत्सुक असतो तितका तासाच्या पहिल्या मिनिटाला कधीच नसतो. व्याख्यान द्यायला बंदी नाही. त्याची वेळ बदलायची आहे.

गुणांबद्दल एकच सांगते. वर्गातल्या या उत्तरांना बरोबर-चूक असे गुण ठेवू नका, भाग घेतल्याचे थोडे ठेवा. बरोबर उत्तराला गुण ठेवलेत की प्रत्येक गटात एक जण बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. मात्र खऱ्या परीक्षेत फिरवलेले प्रश्न असलेच पाहिजेत, आणि ते असतील हे आधी माहीत असलं पाहिजे. अंतिम पेपरात व्याख्याच येणार असतील तर रुग्णालयाच्या प्रश्नावर वीस मिनिटं वाद घालणं मुलांना वेळेचा अपव्यय वाटेल, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही.

फोनची अडचण तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान आहे. जाड कागदावर अ, ब, क, ड छापून प्रत्येकाला एक संच द्या. तुम्ही ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम छातीपाशी धरायचा, म्हणजे मागच्याला पुढच्याचं उत्तर दिसत नाही. अक्षरं मोठी हवीत. नुसत्या लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवू नका, काहींना तो फरक दिसत नाही. नथॅनिएल लॅस्री यांनी कॅनडातल्या एका कॉलेजात क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं हातातलं छोटं यंत्र) आणि अशी कार्डं यांची तुलना केली होती. २००८ सालच्या त्या लेखात मुलांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. क्लिकरचा फायदा शिक्षकाला होतो: मोजणी अचूक, नोंद राहते, आणि कोण काय म्हणालं हे इतरांना कळत नसल्याने बुजरी मुलंही उत्तर देतात. कॅमेऱ्याने वाचता येणारी कार्डंही मिळतात. मुलांच्या हातात कागद, फोन फक्त शिक्षकाकडे. जुन्या फोनवाल्या मुलांची त्यात कुचंबणा होत नाही.

फोन वापरायचेच तर मत देण्यापुरते वर, एरवी बाकावर पालथे. ‘ज्याचं त्याला कळतं, मोठी झाली आहेत’ हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण नुकसान एकट्याचं होत नाही. फारिया साना, टीना वेस्टन आणि निकोलस सेपेडा यांच्या २०१३च्या प्रयोगात लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण घसरलेच, पण ज्यांना शेजारचा पडदा दिसत होता त्यांचेही घसरले. हे वर्गाला आकड्यांसकट सांगा. संख्याशास्त्राचा वर्ग आहे, प्रयोगाची रचना कशी होती यावरही दहा मिनिटं बोलता येईल.

पोर्शन. इथे कुठलंही अ‍ॅप तुम्हाला वाचवणार नाही, काहीतरी वर्गाबाहेर काढावंच लागेल. व्याख्या, चिन्हं, सोडवलेली साधी उदाहरणं हे सगळं मुलं स्वतः वाचू शकतात. दोन पानं वाचायला द्या आणि आदल्या रात्रीपर्यंत तीन छोटी उत्तरं मागवा. त्यातला तिसरा प्रश्न नेहमी एकच: ‘काय कळलं नाही?’ ती उत्तरं सकाळी चाळून तास आखायचा. हे चॅटबॉटकडून लिहून आणतील, हो, काही जण आणतीलच. म्हणून त्याला गुण नगण्य ठेवा आणि भिस्त वर्गातल्या चर्चेवर ठेवा, तिथे शेजाऱ्याला पटवायला स्वतःचंच तोंड उघडावं लागतं. व्हिडिओ करणार असाल तर छोटे करा. एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या अभ्यासक्रमांतल्या लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचं २०१४ साली विश्लेषण झालं, त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच लोक टिकून बघतात असं दिसलं. आणि सगळे तास एकदम बदलू नका. मुलं दरवर्षी जिथे हमखास पडतात असे या सत्रातले सहा-सात मुद्दे निवडा. बाकीचं नेहमीसारखं शिकवा.

ते मुद्दे निवडायला तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे जा. मी हे समेटासाठी सांगत नाहीये. वर्षानुवर्षं पेपर तपासलेल्या माणसाला मुलं कुठे आणि कशी चुकतात हे तोंडपाठ असतं, आणि चांगल्या प्रश्नाचे चुकीचे पर्याय नेमके तिथून येतात. त्यांना अ‍ॅप दाखवू नका. ‘सर, सहसंबंधाच्या प्रश्नात मुलं नेहमी काय लिहितात?’ एवढंच विचारा आणि वही घेऊन बसा. शिवाय त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहेच. १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठात संगणकावरून शिकवणारी ‘प्लेटो’ यंत्रणा आली, त्याच्याही आधी १९२०च्या दशकात सिडनी प्रेसी यांनी बहुपर्यायी प्रश्न विचारणारं यंत्र बनवलं होतं. वर्गाचा कायापालट होणार असल्याची हाकाटी तेव्हापासून चालू आहे. दुसरं अर्ध मात्र त्यांना ऐकवावं लागेल. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र पाहिले: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. या दुसऱ्या प्रकारात क्लिकर होते तसे साधे कागद-पेन्सिलीचे गटही होते. खडू हातात ठेवूनही सरांना त्यात सामील होता येईल.

आता अ‍ॅप. जे विभागात आधीच आहे ते वापरा, पण चार गोष्टी तपासून घ्या: घड्याळ बंद करता येतं का, तोच प्रश्न दोनदा विचारता येतो का, पहिला निकाल वर्गापासून लपवता येतो का, आणि मुलांना नाव-नंबर न देता उत्तर देता येतं का. चारही जमत असतील तर ते फुकट असो की विकतचं, काही बिघडत नाही. एखादं जमत नसेल तर कागदी कार्डं आहेतच.

संभाव्यतेचं प्रकरण तुमच्याकडे कधीतरी येईलच, तर त्यासाठी एक प्रश्न देऊन ठेवते. एक रोग हजारात एकाला असतो. त्याच्या तपासणीत रोगी माणूस कधीच सुटत नाही, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांना चुकून ‘आहे’ असं उत्तर येतं. सरसकट सगळ्यांची तपासणी केली आणि एका माणसाला ‘आहे’ असं आलं. त्याला खरंच रोग असण्याची शक्यता किती? अ) ९५ टक्के, ब) ५० टक्के, क) २ टक्के, ड) ०.१ टक्का. याच धर्तीचा प्रश्न १९७८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ६० डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना विचारला होता. पर्याय न देता. जवळजवळ निम्म्यांनी ९५ टक्के सांगितलं, बरोबर उत्तर, म्हणजे साधारण २ टक्के, ११ जणांनी दिलं. तेव्हा पहिल्या फेरीत तुमच्या मुलांची दांडी उडाली तर घाबरू नका. इशारा द्यायची वेळ आली तर एवढंच म्हणा, ‘हजार माणसं रांगेत उभी करा’, आणि त्यांना कागदावर मोजू द्या. दोन्ही फेऱ्यांचे आकडे मला कळवा.